एका मदरबोर्डाचा जमाखर्च

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले आणि आमच्या घरचा संगणक एका दिवसात जुना ठरला. त्यात बिघडलेलं काहीच नव्हतं. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी डीडीआर-थ्री रॅम आणि मागाहून बसवलेली एसएसडी. सकाळी बटण दाबलं की आजही निमूट सुरू होतो. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आमचा त्या दाराच्या बाहेरच राहिला. घरगुती वापरासाठी वाढीव मुदत मिळते, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच.

या यंत्रावर माझी बायको काम करते. गाझियाबादमध्ये वैशाली आणि वसुंधरा भागातल्या काही छोट्या दुकानदारांचे हिशेब ती ठेवते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची, २० तारीख ३बी ची. तिचा महिना या दोन तारखांभोवती फिरतो. मी आधी लिनक्सचा विचार केला, कारण सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात कमी कचऱ्याचा मार्ग तोच होता. पण तिचं काम टॅलीवर चालतं आणि टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. गरज खरी आहे, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. कारण या खरेदीबद्दल मनाला साक्षी ठेवून विचार करायला बसलो, तेव्हा गरजेचं नाव सांगत आत शिरलेल्या बऱ्याच गोष्टी मला तिथे दिसल्या.

पहिली गोष्ट माझी हौस. जुना संगणक वाढवायचा म्हटलं की सगळं बोर्डापाशी येऊन अडतं. बोर्डावरच्या सॉकेटमध्ये कोणता प्रोसेसर बसणार, कोणती रॅम चालणार, एसएसडीला एम.२ ची जागा मिळणार की नाही, हे सगळं तिथे ठरतं. आमच्यासारख्या बोर्डाची तर एकही गोष्ट पुढे नेता येत नाही. डीडीआर-थ्री रॅम नव्या बोर्डात बसत नाही, प्रोसेसर बसत नाही. राहतं ते कॅबिनेट, एसएसडी, कीबोर्ड आणि धड असेल तर एसएमपीएस. म्हणजे ‘फक्त बोर्ड बदलू’ असं म्हणत म्हणत माणूस जवळजवळ नवा संगणक घेतो. आणि एकदा तेवढं घ्यायचंच आहे म्हटल्यावर मन पुढचं बोलू लागतं. ए५२० चिपसेटचा बोर्ड कशाला, बी५५० घेऊ. बी५५० तरी कशाला, एएमडीच्या एएम५ सॉकेटचा घेऊ, पुढे वाढवता येईल.

‘पुढे वाढवता येईल’ या वाक्यापाशी मी मुद्दाम थांबलो. एच८१ घेतानाही मी हेच म्हटलं होतं. सॉकेट ११५० आहे, दोन-चार वर्षांनी आय-सेव्हन टाकू. आज जो बोर्ड काढायचा म्हणतोय, त्यात पहिल्या दिवशी बसवलेलाच प्रोसेसर आहे. इंटेलची चालही अशा मनसुब्यांना साथ देणारी नाही. २०१३ ला ११५०, २०१५ ला ११५१, २०१७ ला पिनांची संख्या तीच असूनही जुन्याशी न जुळणारा ११५१, २०२० ला १२००, २०२१ ला १७००, २०२४ ला १८५१. एएमडीचा एएम४ मात्र २०१७ मध्ये रायझनबरोबर दुकानांत आला आणि बरीच वर्षं टिकला. तिथे ज्यांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलला, त्यांचं ‘पुढे’ खरं ठरलं. माझं ठरलं नाही, कारण मला त्याची गरजच पडली नाही. टॅली, एक्सेल, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल, छपाई, कधी मुलीचा शाळेचा प्रकल्प. या कामाला बारा-सोळा कोअरचं भविष्य लागत नाही. मला ते हवं आहे, कारण मला यंत्र जुळवण्यात आनंद मिळतो. हा आनंद वाईट नाही. पण तो बायकोच्या कामाच्या नावाने घराच्या खर्चात घालणं मला बरोबर वाटत नाही.

मी तिला पर्याय समजावून सांगत होतो. फेज किती, हीटसिंक आहे का, पीसीआयई तीन की चार. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, बोर्डावर काय छापलंय ते राहू द्या. वीस तारखेला तो चालू असेल का, तेवढं सांगा.”

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर स्वस्त बोर्ड कुठे काटकसर करतो हे बघावं लागतं. ए५२० किंवा एच६१० चिपसेटच्या बोर्डात रॅमच्या बहुधा दोनच जागा असतात, एम.२ ची एकच, ओव्हरक्लॉकिंग नाही, मागे यूएसबी कमी. हे सगळं तिच्या कामाला चालतं. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, म्हणजे व्हीआरएमवर, या बोर्डांत बहुतेक वेळा हीटसिंक नसतो. तिथे मात्र मी थबकतो. दिल्ली-गाझियाबादकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, दुपारी खोलीत कूलर असला तरी कॅबिनेटच्या आत हवा तापलेलीच असते, बाजूच्या बांधकामांची धूळ पंख्यावर बसते. तरीही रायझन ५ ५६००जी हा ६५ वॉटचा आणि आय-थ्री १२१०० हा ६० वॉटचा प्रोसेसर आहे. इतक्या वीजभाराला नावाजलेल्या कंपनीचा साधा बोर्ड पुरतो. दोघांतही ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड नको. त्याच बोर्डावर कोणी जास्त भाराचा प्रोसेसर बसवून दिवसभर राबवला तर गोष्ट वेगळी. म्हणजे स्वस्त घेण्यात मुळात काही कमीपणा नाही. कामाला पुरेसा असेल तर स्वस्त बोर्ड हाच शहाणपणाचा बोर्ड आहे. आणि उरलेल्या पैशांतून यूपीएसची बॅटरी बदलली, तर तिच्या वीस तारखेची त्याने जास्त काळजी घेतली जाईल.

एएम५ वर फक्त डीडीआर-फाइव्ह चालते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढत गेले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करणार असल्याचं जाहीर केलं. बोर्डात वाचवलेले हजार रुपये रॅमच्या एका काडीत जातात. त्यामुळे हौस आपोआपच मागे सरली. ती बाजारभावाने सरली, माझ्या विवेकाने नाही, एवढंही इथे नोंदवायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. दिल्लीच्या नेहरू प्लेस या संगणक-बाजाराच्या मोठ्या फरसबंद चौकात, भोवतीच्या इमारतींच्या गाळ्यांत आणि तळमजल्यांत, बोर्डाची किंमत विचारली की बऱ्याच ठिकाणी उत्तराआधी प्रश्न येतो: “सर जी, बिल के साथ या बिना बिल?” संगणकाच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. सहा हजारांच्या बोर्डावर १,०८० रुपये. बोर्ड, प्रोसेसर, रॅम मिळून पंचवीस हजारांचं सामान धरलं तर साडेचार हजार. महिन्याच्या किराण्याएवढी रक्कम एका ‘हो’ मध्ये वाचते.

अशा वेळी आपण स्वतःला जी कारणं देतो ती मी एकेक करून समोर ठेवली. वॉरंटीसाठी बिल लागतं, हे सगळ्यात सोयीचं कारण, कारण त्यात स्वार्थ आणि नीती एकाच बाजूला उभे राहतात. पण दुकानदार लगेच सांगतो, वॉरंटी सिरियल नंबरवर मिळून जाईल, आणि कित्येक कंपन्यांच्या बाबतीत ते खरंही असतं. म्हणजे स्वार्थ निघून गेला. आता बिल घेण्यात माझा काडीचा फायदा नाही. मग घेऊ का? प्रश्न इतका उघडा झाल्यावर मन कुठे कुठे पळतं ते मी पाहिलं. मोठमोठे लोक कोट्यवधी बुडवतात, माझ्या हजार रुपयांनी काय होणार. कर देऊन रस्त्यांची अवस्था काय आहे बघा. त्या छोट्या दुकानदाराचंही पोट आहे. शेवटच्या कारणात थोडं तथ्य आहे, पण वाचलेले पैसे दुकानदाराच्या पोटात जात नाहीत, माझ्या खिशात येतात. बाकीची दोन कारणं म्हणजे दुसऱ्याच्या पापाच्या आडोशाला माझं पाप लपवणं.

आणि आमच्या घरात ही गोष्ट जास्तच खुपते. बायको ज्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांना ती दर महिन्याला एकच सांगत असते: कच्च्या बिलावर माल घेऊ नका, पक्कं बिल आणा. त्यातले काही जण कुरकुरत का होईना, ऐकायला लागले आहेत. तिने त्यांच्याकडून इतक्या चिकाटीने मिळवलेला हा प्रामाणिकपणा ज्या यंत्रावर नोंदवला जाणार, तेच यंत्र मी बिना बिलाचं आणून तिच्यासमोर ठेवायचं? तिला कळलं नाही तरी मला ते माहीत असणार. साडेचार हजार रुपयांसाठी मी तिच्या कामाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होईल. हा विचार आल्यावर बिलाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. मोठ्या नागरिकधर्माच्या विचाराने मिटला असता तर बरं वाटलं असतं. तो मिटला घरातल्या एका माणसाच्या तोंडाकडे बघून. कदाचित माझी नीती एवढ्याच अंतरापर्यंत पोचते. असेल तर ते मला माहीत असलेलं बरं.

तिसरा मोह त्याच चौकात दाखवला जातो. नाव कधी न ऐकलेल्या बनावटीचा, कोऱ्या डब्यातला एच३१० चा बोर्ड, आणि त्यावर वापरलेला आठव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ ची अट कागदावर पूर्ण, खर्च जवळजवळ निम्मा. एच३१० हा चिपसेट २०१८ चा. अशा जुन्या चिपसेटचे ‘नवे’ बोर्ड अजून बाजारात येतात, याचं कारण त्यातल्या कित्येकांवरचा चिपसेट जुन्या बोर्डावरून उतरवून नव्या पाटीवर बसवलेला असतो. त्यांची बायोस अपडेट बहुधा कधीच येत नाही. आणखी एक सल्ला फुकट मिळतो: आहे त्याच एच८१ वर तपासणी चुकवून विंडोज ११ टाका, चालतं. चालतं, खरंच. पण अशा यंत्राला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. माझे फोटो त्यावर असते तर मी तो धोका पत्करला असता. पण त्यात दुसऱ्यांचे पॅन, बँकेचे तपशील, पोर्टलचे पासवर्ड आहेत. ज्यांनी ते विश्वासाने दिले त्यांना न विचारता पणाला लावायचा हक्क मला नाही. इथे मला फारसा विचार करावा लागला नाही.

उतरवलेल्या चिपसेटचा मात्र करावा लागला. चिपा उतरवण्याचं काम कुठे होतं, याचा एक तुकडा माझ्या घरापासून फार लांब नाही. दिल्लीतलं सीलमपूर हे देशातल्या इलेक्ट्रॉनिक भंगाराच्या मोठ्या बाजारांपैकी एक. तिथून पुढे मंडोली आणि लोनी. लोनी तर माझ्याच गाझियाबाद जिल्ह्यात येतं. बोर्ड आचेवर धरतात, डाक वितळली की आपटून चिपा पाडतात. चालणाऱ्या वेगळ्या काढतात, बाकीचा बोर्ड तांब्यासाठी आणि सोन्याच्या मुलाम्यासाठी आम्लात जातो. जुन्या डाकेत शिसं असतं, बोर्डाच्या पाटीत आगरोधक म्हणून ब्रोमीनची संयुगं. तो धूर आणि ते आम्ल उघड्या हातांनी, बंद खोल्यांत हाताळलं जातं. मुरादाबादला रामगंगेच्या काठी याच धंद्याच्या राखेचे ढीग साचले आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

हे वाचलं तेव्हा माझा पहिला आवेश होता की असा बोर्ड घेणं म्हणजे पापच. पण या आवेशाची तपासणी करणंही माझं कामच आहे. एक चालू चिप फेकून न देता पुन्हा वापरली, यात वाईट काय? सीलमपूरच्या त्या माणसाने जे वाचवलं ते मी तर वाचवलं नसतं. माझा नवाकोरा, पक्क्या बिलाचा बोर्ड बनवण्यासाठी कुठेतरी नव्याने तांबं खणलं गेलं, नव्याने सिलिकॉन भाजलं गेलं. जगात २०२२ साली ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरापर्यंत पोचला, असा संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या उरलेल्या ७८ टक्क्यांत माझ्यासारख्या बिल घेणाऱ्यांचाही माल आहेच. मग मी सीलमपूरकडे नाक मुरडायचं कोणत्या तोंडाने?

बराच विचार करून मला एवढंच दिसलं. पुनर्वापरात दोष नाही. दोष आहे तो कोणालाच जबाबदार न धरता येण्यात. २०११ च्या नियमांपासून, मग २०१६ आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांपर्यंत, कायदा म्हणतो की उत्पादकाने आपल्या मालाच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांमार्फत ती पुरी करावी. कायदा किती पाळला जातो हा वेगळा प्रश्न. पण डब्यावर नावच नाही, बिलही नाही, तिथे धरायचं कोणाला? ज्याचे हात आम्लात भाजतात त्याचंही नाव या साखळीत कुठे येत नाही. नामवंत कंपनीचा वापरलेला बोर्ड ओळखीच्या माणसाकडून मिळाला, तर तो नव्यापेक्षा चांगला, असं आता मला वाटतं. तो मिळाला नाही तर नवा साधा बोर्ड, पक्क्या बिलाचा. कोऱ्या डब्यातला नाही.

राहिला आमचा जुना एच८१. इतका सगळा विचार करून तो शेवटी रविवारी हाक मारत येणाऱ्या कबाडीला विकला, तर तो सरळ सीलमपूरला पोचणार. मनाने लगेच उपाय सुचवला: लिनक्स टाकून सोसायटीच्या गार्डच्या मुलाला देऊन टाकू. मुलगा अकरावीत आहे. सुचल्याबरोबर जे समाधान वाटलं, त्याचाच मला संशय आला. मला त्या मुलाची काळजी आहे, की माझी अडगळ पुण्य म्हणून दुसऱ्याच्या घरी पोचवायची आहे? याची परीक्षा सोपी होती. त्याच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, “साहब, इसमें नेट कैसे चलेगा? और टीवी में लग जाएगा क्या?” त्यांच्या खोलीत मॉनिटर नाही, टेबल नाही, घरात चालतं ते मोबाइलचं नेट. आमच्या डेस्कटॉपला वायफायच नाही. वीज दिवसातून किती वेळा जाते ते त्यांनाच माहीत.

म्हणजे द्यायचं असेल तर वायफायचा डोंगल घेऊन द्यायचा, एचडीएमआयची केबल घेऊन त्यांच्या टीव्हीला जोडून बघायचं, बंद पडला तर मला बोलवा असं सांगायचं आणि बोलावल्यावर जायचं. ते करायची तयारी नसेल तर मी देतो आहे ती भेट नव्हे. आणि त्याला नकोच असेल, तर भेटीचा आग्रह न धरता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे तो बोर्ड पोचवायचा. त्यात मिळतील ते पैसे कबाडीपेक्षा कमी, आणि तिथवर न्यायचं भाडं वर. एसएसडी मात्र कुणालाच द्यायची नाही. तिच्यावर बायकोच्या दुकानदारांचे हिशेब आहेत. ती नव्या यंत्रात जाईल, आणि गार्डच्या मुलासाठी छोटी वेगळी घ्यावी लागेल. त्याचेही पैसे या खर्चात धरायचे.

धरल्यावर माझा ‘स्वस्त’ बोर्ड काही फार स्वस्त राहत नाही. बिलाचा कर, यूपीएसची बॅटरी, मुलाची एसएसडी, डोंगल, केबल. तरीही एएम५ च्या माझ्या हौसेपेक्षा हा आकडा कमीच येतो. दिल्लीतल्या आपल्या मराठी मंडळींत, गणपतीच्या आरतीनंतर गप्पा रंगल्या की, “नेहरू प्लेसला ओळख आहे, अमुक इतक्यात आणला,” असं सांगण्यात एक मान असतो. तो मान मलाही हवासा वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. या वेळी सांगायला तसा आकडा नसेल.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. बायकोच्या कामासाठीचा बोर्ड मी निवडतो आहे, तिच्या कामाचे धोके मी मोजतो आहे, आणि नैतिक प्रश्नही मीच एकट्याने सोडवत बसलो आहे. म्हणून आता एका कागदावर ए५२०, एच६१० आणि ओळखीतून मिळू शकणारा एक वापरलेला बी४५०, असे तीन पर्याय लिहिले आहेत. प्रत्येकापुढे पूर्ण खर्च आहे, प्रत्येकात काय बिघडू शकतं ते आहे, आणि जुन्या यंत्राचं काय करायचं याचा एक रकाना आहे. या महिन्याची ३बी भरून झाली की तो कागद तिच्याकडे जाईल. कोणता घ्यायचा ते ती ठरवेल.